४१, एंटर! दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपलं प्रेझेंटेशन

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा भाग कीबोर्डच्या बटणांवर आहे. हो, बटणांवर. प्रेझेंटेशन करताना कुठलं बटण दाबलं की काय होतं, आणि तेच बटण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाबलं की काय भलतंच होतं, यावर. हा विषय बरेच दिवस वहीत लिहून ठेवला होता. पण दरवेळी वाटायचं, शॉर्टकटची यादी तर कुठेही मिळते, आपण त्यात काय वेगळं सांगणार? मग गेल्या वर्षभरात आमच्या घरीच अशा काही गोष्टी घडल्या, की म्हटलं आता सांगायलाच हवं.

तर गोष्ट माझ्या बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच त्यांना जुन्या विहिरींचा, बारवांचा नाद लागला. निवृत्तीनंतर गावोगाव फिरून फोटो काढले, मापं घेतली, आणि त्यातून एक व्याख्यान तयार झालं. ६४ स्लाइड्स. ज्येष्ठ नागरिक संघ, शाळा, वाचनालय, कुणीही बोलावलं की बाबा पेनड्राइव्ह खिशात टाकून निघाले. चार वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स झाल्याचं कळलं. बोलणं अजून खणखणीत आहे, डोकं तर माझ्यापेक्षा बरं चालतं, पण उजवा हात थरथरतो. माउस धरून बारीक जागी नेणं त्यांना जमेनासं झालं.

आता पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू करायचं ते चिन्ह आठवा. खाली उजव्या कोपऱ्यात, नखाएवढं. तुम्ही-आम्ही न बघता त्याच्यावर जातो. बाबांचा बाण त्याच्या आजूबाजूला फिरत राहायचा, आणि समोर पन्नास माणसं पडद्यावर ते बघत बसलेली असायची.

मग मार्ग काय निघाला, तर माझा भाचा लॅपटॉपपाशी बसणार आणि बाबा बोलणार. अशी तीन व्याख्यानं झाली. "पुढे." "हं, पुढे." "नाही रे, एक मागे." बाबांची बोलायची एक लकब आहे. ते वाक्य अर्ध्यावर सोडतात, एक क्षण थांबतात, आणि मग फोटो येतो. लोक "अरे!" म्हणतात. आता त्या क्षणी "पुढे" म्हणायचं म्हटल्यावर सगळी गंमतच गेली. तिसऱ्या व्याख्यानाहून परत येताना गाडीत म्हणाले, "बास झालं आता हे. व्याख्यान मी देतोय की तो, तेच कळत नाही."

मी म्हटलं, बाबा, माउस लागतोच कशाला?

घरच्या कॉम्प्युटरवर सगळं सोपं होतं. विंडोज, पॉवरपॉइंट. एफ ५ दाबलं की शो पहिल्या स्लाइडपासून सुरू. शिफ्ट धरून एफ ५ दाबलं की जी स्लाइड समोर आहे तिथपासून सुरू. पुढे जायला उजवा बाण, मागे यायला डावा. खरं तर पुढे जायला स्पेसबार चालतो, एंटर चालतो, पेज डाउन चालतं, इंग्रजी एनसुद्धा चालतो. मागे यायला बॅकस्पेस, पेज अप आणि पी. बाबा इंजिनिअर माणूस, त्यांना हे आवडलं. "म्हणजे एकाच पाण्याला पाच दारं," म्हणाले. संपवायला एस्केप. दोन दिवसांत तयार झाले.

आणि मग आम्ही घराबाहेर पडलो.

पहिलं ठिकाण एक वाचनालय. तिथला लॅपटॉप. बाबांनी ऐटीत एफ ५ दाबलं, तर कीबोर्डखालचे दिवे लागले. पुन्हा दाबलं, दिवे आणखी प्रखर! हे अनेकांच्या बाबतीत होतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या बटणांना दोन-दोन कामं असतात. आवाज, उजेड, दिवे ही कामं थेट होतात आणि खरं एफ ५ हवं असेल तर खाली कोपऱ्यातलं एफएन धरून दाबावं लागतं. काही लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकदा एकत्र दाबलं की ही अदलाबदल कायमची होते. ज्यांच्या एस्केपवर छोटं कुलूप काढलेलं असतं त्यांच्यावर हमखास. कुलूप शोधा, मग दाबा.

दुसऱ्या ठिकाणी आयोजकांचा मॅक होता. मॅकवर पॉवरपॉइंट आहे, फाइल उघडली, सगळं ठीक, पण तिथे पद्धत निराळी. कमांड आणि रिटर्न म्हणजे समोरच्या स्लाइडपासून, आणि कमांड, शिफ्ट, रिटर्न म्हणजे पहिल्यापासून. इथे एक बारीकशी गफलत आहे, ती नीट ऐका, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट लावलं की "इथून" असा अर्थ होतो. मॅकवर शिफ्ट लावलं की "पहिल्यापासून" असा अर्थ होतो. गूगल स्लाइड्सवरही तसंच: विंडोजवर कंट्रोल एफ ५ म्हणजे इथून, आणि कंट्रोल शिफ्ट एफ ५ म्हणजे पहिल्यापासून. म्हणजे तेच शिफ्ट, पण काम बरोबर उलटं. मध्येच शो बंद पडला आणि तुम्ही घाईत सवयीनं शिफ्ट दाबलं, तर पस्तिसाव्या स्लाइडवरून थेट पहिल्या स्लाइडवर याल. लोकांपुढे पुन्हा "नमस्कार, माझं नाव..."

गंमत म्हणजे पॉवरपॉइंट जन्मलं ते मॅकवर. १९८७ साली फोरथॉट नावाच्या कंपनीनं ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आणलं, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली, आणि विंडोजवर ते आलं १९९० मध्ये. १९८४ चा जो पहिला मॅकिंटॉश होता, त्याच्या कीबोर्डवर एफ वन, एफ टू वगैरे रांगच नव्हती. बाणांची बटणंसुद्धा नव्हती! लोकांनी माउस वापरावा म्हणून. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, मी तेव्हा भाषणं देत नव्हतो."

मॅकवरच अॲपलचं स्वतःचं कीनोट आहे. त्यात शो सुरू करायला ऑप्शन, कमांड आणि पी. तीन बटणं एकदम. थरथरत्या हातानं ते कसं दाबायचं, त्यावर मी येणार आहे.

तिसरं ठिकाण शाळा. मुख्याध्यापिका बाईंनी उत्साहानं फाइल आधीच मागवून ठेवली होती आणि ती ब्राउझरमध्ये गूगल स्लाइड्सवर उघडून ठेवली होती. नेट फोनच्या हॉटस्पॉटवर. बाबांनी काय केलं? एफ ५. आता ब्राउझरमध्ये नुसतं एफ ५ म्हणजे पान नव्यानं लोड करा. नेमकी त्याच वेळी हॉटस्पॉटची रेंज गेलेली. भिंतीवर बारवेच्या जागी क्रोमचा तो छोटा डायनासोर उभा राहिला. मुलं खूश! दीडशे मुलं एका सुरात हसली. बाबाही हसले, पण घरी आल्यावर त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा. ब्राउझरमध्ये असाल तर एफ ५ला एकट्याला हात लावू नका, सोबत कंट्रोल हवंच. मॅकच्या ब्राउझरमध्ये कमांड आणि एंटर. आणि क्रोमबुक असेल तर त्याच्यावर एफ ५ असं छापलेलं बटणच नसतं, तिथे सरळ वरचं स्लाइड शोचं बटण टॅपपॅडनं दाबून मोकळं व्हा. शाळेच्या लॅबमध्ये लिब्रेऑफिस असेल तर घाबरू नका. त्याचं इम्प्रेस नावाचं जे आहे, ते एफ ५ आणि शिफ्ट एफ ५ या बाबतीत पॉवरपॉइंटसारखंच वागतं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, अरे बापरे, किती लक्षात ठेवायचं! पण इथे एक दिलासा आहे. सगळा घोळ सुरुवात करण्याचा आहे. एकदा शो सुरू झाला, की ही सगळी मंडळी जवळपास एकाच घराण्यातली असल्यासारखी वागतात. पुढे-मागे बाण. बाहेर यायला एस्केप. बी दाबलं की पडदा काळा, डब्ल्यू दाबलं की पांढरा, तेच बटण पुन्हा दाबलं की स्लाइड परत. आणि स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर, की थेट त्या स्लाइडवर. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, इम्प्रेस, सगळीकडे. कीनोटमध्ये आकडा टाइप केल्यावर छोट्या स्लाइड्स समोर येतात, मग रिटर्न, एवढाच फरक.

म्हणून मी बाबांना सांगितलं, सुरुवात करून द्यायला कुणाचीही मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. त्यानंतरचा तास तुमचा.

त्या बीबद्दल जरा बोलते, कारण माझ्या मते हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं बटण आहे. बाबांच्या व्याख्यानात एक जागा आहे. एका गावात बारवेतला गाळ काढताना एक म्हातारे गृहस्थ रोज काठावर येऊन बसायचे, त्यांची गोष्ट. तिला फोटो नाही. आधी बाबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा मागे भिंतीवर आधीच्या विहिरीचा नकाशा तसाच असायचा, आणि लोक नकाशा वाचत बसायचे. आता ते बी दाबतात. भिंत काळी होते. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळतात. मी मागच्या खुर्चीवरून हे पाहिलंय. पहिल्या वेळी मात्र बी दाबल्यावर आयोजकांपैकी एक जण "लाइट गेले, लाइट गेले" करत वायरी हलवायला धावले होते. त्यामुळे आधी सांगून ठेवा.

इथे आपल्यासाठी एक खास सूचना. तुम्ही मराठी टायपिंग करत असाल आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल, तर बीच्या बटणावर "व" असतो आणि डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा. अशा वेळी शॉर्टकट चालेल का, याचा विचार स्टेजवर करत बसू नका. शो सुरू करण्याआधी विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. आणि बीला एक पर्याय आहे: टिंब. म्हणजे पूर्णविरामाचं बटण. पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि इम्प्रेस, तिन्हीकडे टिंबानं पडदा काळा होतो आणि स्वल्पविरामानं पांढरा. इनस्क्रिप्टवरही टिंब आणि स्वल्पविराम त्याच जागी असतात. बाबा टिंबच वापरतात. कीनोटमध्ये मात्र बीच वापरा. आणि तिथे क्यूला चुकूनही हात लावू नका, क्यू म्हणजे शो बंद.

आता "४१, एंटर"वर येते. प्रश्नोत्तरांच्या वेळी बाबांना हमखास विचारतात, ती साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पुन्हा दाखवा ना. ती आहे एक्केचाळिसावी स्लाइड. पूर्वी चौसष्टवरून मागे मागे मागे येत जायचं, तेवीस वेळा बटण. आम्ही काय केलं, सगळ्या स्लाइड्सची नावं आणि आकडे मोठ्या अक्षरात एका कागदावर छापले. बाबा कागदावर बघतात, चार, एक, एंटर. विहीर हजर. लोकांना ही जादू वाटते. एका आजोबांनी तर, "तुम्ही कसं केलंत?" म्हणून विहिरीपेक्षा जास्त चौकशी त्याचीच केली.

पण लॅपटॉपवरची बटणं बारीक आणि चिकटून असतात. चारऐवजी तीन लागायचा, कधी दोन्ही लागायचे. मग मी एक वस्तू आणली. दुकानदार ज्याला नमपॅड म्हणतात ते, फक्त आकड्यांचा छोटा कीबोर्ड, यूएसबीवर चालणारा. हिशेबाचं काम करणारे वापरतात. त्यात कडेला उभं, मोठं एंटर असतं, आणि आम्ही घेतला त्यात बॅकस्पेसही आहे. पॉवरपॉइंटमध्ये एंटर म्हणजे पुढे, बॅकस्पेस म्हणजे मागे, आकडे आणि एंटर म्हणजे कुठेही. झालं की काम! तळहाताएवढी वस्तू, बाबा ती पोडियमवर ठेवतात, डाव्या हातानं चालवतात. कुठल्याही विंडोज लॅपटॉपला जोडली की चालू.

अर्थात पहिल्याच दिवशी फजिती झाली. कुणी तरी बारा मोटांची विहीर मागितली. बाबांनी चार, एक, एंटर केलं, तर पडद्यावर विहिरीऐवजी "आभार" आलं आणि पाठोपाठ काळा पडदा, कार्यक्रम संपल्याचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या! काही जण उठून चपला शोधायला लागले. झालं असं होतं की नमलॉक बंद होतं. नमलॉक बंद असलं की त्या आकड्यांची दुसरी कामं जागी होतात. चार म्हणजे डावा बाण, आणि एक म्हणजे एंड. एंड म्हणजे शेवटची स्लाइड. त्यावर एंटर मारलं, म्हणजे खेळ खलास. बाबांनी बिनचूक आकडे दाबले होते, तरी कार्यक्रम संपला. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा मात्र ते खूप हसले. आता नमलॉकच्या छोट्या दिव्याकडे बघितल्याशिवाय ते "नमस्कार" म्हणत नाहीत.

थरथरीचा आणखी एक त्रास होता. बोट बटणावर पडलं की एकदा न लागता दोनदा-तीनदा लागायचं आणि एकदम दोन स्लाइड्स पुढे. यावर विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय आहे, ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये. तिला सांगता येतं की अमुक वेळाच्या आत तेच बटण पुन्हा लागलं तर दुसऱ्यांदा धरू नकोस. किती वेळ, ते आपण ठरवायचं. बाबांसाठी आम्ही करून करून पाहिलं आणि एक वेळ पक्की केली. दुसरी सोय स्टिकी कीज. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की विंडोज विचारतं, चालू करू का? एरवी गेम खेळताना हे मध्येच येतं म्हणून पोरं वैतागतात. पण ही सोय ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारा. ती चालू असली की शिफ्ट आणि एफ ५ एकदम धरावं लागत नाही. आधी शिफ्ट दाबा, सोडा, मग एफ ५. मॅकमध्येही स्टिकी कीज आहे, तिथेही ॲक्सेसिबिलिटीतच. कीनोटच्या त्या तीन बटणांचं उत्तर हेच. एक-एक करून दाबायची. आणि बरं का, दुसऱ्याच्या मशीनवर हे चालू केलंत तर निघताना बंद करा, नाहीतर मागे राहिलेला माणूस दिवसभर डोकं धरून बसेल.

तुम्ही विचाराल, मग हातात धरायचा रिमोट का नाही घेतला? घेतला होता. त्याची बटणं इतकी जवळजवळ की मागे-पुढेचा गोंधळ. पण रिमोट वापरणाऱ्यांसाठी एक माहितीची गोष्ट सांगते. हा रिमोट आतून दुसरं-तिसरं काही नसून चार बटणांचा कीबोर्डच असतो. पुढेचं बटण बहुतेक वेळा पेज डाउन पाठवतं, मागेचं पेज अप. ज्याच्यावर शो सुरू करायचं बटण असतं ते सहसा एफ ५ पाठवतं. आता तुमच्या लक्षात आलं असेल, ब्राउझरमध्ये ते बटण दाबलं की काय होईल. डायनासोर!

प्रोजेक्टर जोडला आणि भिंतीवर काहीच दिसत नाही, अशी वेळ आली तर विंडोजचं बटण धरून पी. चार पर्याय येतात, त्यात दुसरा डुप्लिकेट, म्हणजे लॅपटॉपवर जे आहे तेच भिंतीवर. बाबांना हेच बरं पडतं. तुम्हाला नोट्स फक्त स्वतःला दिसायला हव्या असतील तर तिसरा, एक्स्टेंड. आणि कीनोटमध्ये नोट्स लोकांना दिसताहेत आणि स्लाइड तुम्हाला, असं उलटं झालं तर एक्स दाबा, पडद्यांची अदलाबदल होते.

विसरलात तर? पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना एफ १ दाबा, यादी समोर येते. पण ती लोकांनाही दिसू शकते, तेव्हा ही तालीम घरी. कीनोटमध्ये प्रश्नचिन्ह. गूगल स्लाइड्समध्ये शो सुरू करण्याआधी कंट्रोल आणि तिरकी रेघ. आयपॅडला कीबोर्ड जोडला असेल तर कमांड नुसतं दाबून धरा, त्या ॲपचे शॉर्टकट दिसतात. आणि नुसत्या फोनवर पॉवरपॉइंट चालवत असाल तर शोमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरा, लाल ठिपका येतो दाखवायला. हे मला भाच्यानं शिकवलं. तो बिचारा आता बेकार झालाय, व्याख्यानाला येतो तो फक्त वडापावसाठी.

पुढच्या महिन्यात बाबांचं व्याख्यान एका कॉलेजात आहे. कालच फोन करून त्यांनी आयोजकांना तीन प्रश्न विचारले, मी शेजारी उभी होते: "विंडोज आहे की मॅक? फाइल ब्राउझरमध्ये उघडणार की पॉवरपॉइंटमध्ये? आणि यूएसबीची जागा मोकळी आहे का?" पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, आमचा माणूस असेल ना स्लाइड्स बदलायला." बाबा म्हणाले, "असू दे की. त्याला पहिल्या रांगेत बसवा."